पहिल्यांदाच वर्ग घेऊन साहस शिबिराला निघताय? भंडारदऱ्याच्या दोन रात्रींची तयारी

‘यंदा सातवीचं निवासी शिबिर भंडारदऱ्याला,’ असं शिक्षकसभेत ठरतं आणि जबाबदारी बहुतेक वेळा नव्यानं रुजू झालेल्या शिक्षकाकडे येते. त्या दिवसापासून त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं: कातळाच्या कडेला उभं असलेलं मूल आणि त्याच्या कमरेचा दोर. माझंही पहिल्या वर्षी असंच झालं होतं. अकरा शिबिरं झाल्यावर आता सांगते, दोरावरच्या मुलाकडे तेव्हा चार मोठ्या माणसांचे डोळे लागलेले असतात. काळजी करायची ती त्या मुलाची, ज्याची रॅपलिंगची, म्हणजे दोरावरून कडा उतरायची, पाळी उरकली आहे आणि जे आता कुणाला न सांगता पाण्याच्या दिशेनं निघालं आहे. किंवा जे रात्री दोन वाजता टॉर्च न घेता, चप्पल न घालता तंबूबाहेर पडलं आहे. शिबिराची खरी तयारी या मधल्या वेळांची असते, म्हणून या लेखात त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

जागा आणि तारीख

अकोले तालुक्यातला भंडारदरा परिसर पहिल्या शिबिराला चांगला. घोटीहून वळून बारी गावामार्गे धरणाजवळच्या शेंडी गावापर्यंत बस थेट जाते. प्रवरेवरचं १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण आहे, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आहे, आणि मुलांना चढता येतील असे लहान डोंगर आजूबाजूला भरपूर आहेत. मात्र तिथली प्रत्येक प्रसिद्ध जागा सातवीच्या मुलांसाठी नाही. सांदण दरीचा मोह टाळा. सुरुवातीचा टप्पा सोपा वाटतो, पण पुढे मोठाल्या दगडांवरून उतरावं लागतं आणि पन्नास मुलांची रांग तिथे अडकली की पुढेही जाता येत नाही आणि मागेही. कळसूबाई १६४६ मीटर उंच, राज्यातलं सर्वोच्च शिखर. वाटेत लोखंडी शिड्या आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी त्या शिड्यांवर गर्दी होते. न्यायचंच असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, पहाटे पायथ्याच्या बारीतून निघून, आणि ज्यांना दमल्यावर थांबायचं आहे त्यांच्याबरोबर थांबणारा शिक्षक आधीच ठरवून.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस योग्य. पावसाळ्यात भंडारदरा फार सुंदर दिसतं, पण तेव्हा मुलांना तंबूत झोपवायला नेऊ नका. निसरडा कातळ, अचानक फुगणारे ओढे आणि तीन दिवस न वाळणारे कपडे यांत मुलांच्या हाती काही लागत नाही. तारीख ठरवताना पंचांग बघा आणि अमावास्येच्या जवळचे दिवस निवडा. त्याचं कारण रात्रीच्या भागात येईल.

शक्य असेल तर महिनाभर आधी दोघा शिक्षकांनी जाऊन जागा बघून या. तंबू कुठे लागतील, शौचालयं किती आणि तंबूपासून किती पावलांवर, पिण्याचं पाणी कुठून येतं, मोबाइलला रेंज नेमकी कुठे मिळते, हे स्वतः बघायचं. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन सर्पदंशावरची लस उपलब्ध आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे विचारायचं. या बाजूला राजूर आणि घोटी ही दोन गावं त्यासाठी लक्षात ठेवा.

कागदपत्रं

शिक्षणाधिकारी कार्यालयाची परवानगी, प्रत्येक पालकाचं सहीचं संमतीपत्र, विमा आणि बसचं आरक्षण ही कामं निदान दोन महिने आधी सुरू करा. एसटीची बस प्रासंगिक करारावर, म्हणजे सहलीपुरती पूर्ण ठरवून घेतली तर शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. डिसेंबरात सगळ्याच शाळा निघतात, त्यामुळे आगाराला अर्ज लवकर गेलेला बरा. दहा मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण मी कधी सोडलेलं नाही, आणि मुली असतील तर किमान दोन शिक्षिका हव्यातच. एकीला ताप आला तर दुसरी पाहिजे.

आरोग्याचा अर्ज मात्र शाळेचा नेहमीचा छापील वापरू नका. त्यात ‘काही आजार आहे का?’ एवढाच प्रश्न असतो आणि पालक ‘नाही’ लिहून मोकळे होतात. वेगवेगळे, सरळ प्रश्न विचारा: दमा आहे का, इनहेलर लागतो का? फिट येते का? कुठल्या औषधाची किंवा खाण्याची ॲलर्जी आहे? बस लागते का? झोपेत चालतं का? अंथरूण ओलं होतं का? पाळी सुरू झाली आहे का? शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरं बंद पाकिटात मागवा आणि ती कोण वाचणार हे पालकांना सांगा. माझ्या तिसऱ्या शिबिरात एक मुलगा दोन्ही रात्री जागा राहिला. अंथरुणात होईल या भीतीनं तो झोपलाच नव्हता, हे मला परतीच्या बसमध्ये कळलं. एक प्रश्न आधी विचारला असता, तर त्याला शिक्षकांच्या शेजारच्या तंबूत ठेवून रात्री बारा आणि चार वाजता हळूच उठवता आलं असतं. आता तेच करतो, आणि बाकीच्यांना ते समजतही नाही.

पैशांचंही इथेच सांगते. शिबिराची वर्गणी ज्यांना झेपणार नाही अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात, आणि ती ‘मला यायचंच नाही’ असं सांगतात. वर्गशिक्षकाला ती ओळखता येतात. माजी विद्यार्थ्यांकडून किंवा पालक संघाकडून थोडी रक्कम आधीच बाजूला काढा, पालकांशी एकट्यात बोला, आणि यादीत कुणाच्याही नावापुढे खूण करू नका.

संस्थेला विचारायचे प्रश्न

रॅपलिंग, व्हॅली क्रॉसिंग (दोरावरून दरी ओलांडणं), झिपलाइन (ताणलेल्या तारेवरून घसरत जाणं) हे शिक्षकांनी स्वतः करायचे उद्योग नव्हेत. त्यासाठी संस्था लागते आणि संस्था निवडणं हा तुमचा सर्वांत मोठा निर्णय असतो. राज्य शासनानं २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. तेव्हा पहिली मागणी नोंदणी प्रमाणपत्राची. दुसरी, प्रत्यक्ष आपल्याबरोबर येणाऱ्या प्रशिक्षकांच्या नावांची आणि त्यांच्या प्रशिक्षणाची. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट अशा ठिकाणचा मूलभूत आणि पुढचा कोर्स केलेला माणूस जागेवर हवा, माहितीपत्रकातल्या फोटोत असून चालत नाही.

मग विचारा: दोर कधी घेतला आणि त्याच्या वापराची नोंदवही आहे का? मुलांच्या मापाचे हार्नेस (दोर अडकवायचे कमरेचे पट्टे) आणि हेल्मेट किती आहेत? मुख्य दोराशिवाय प्रत्येक मुलाला दुसरा सुरक्षा दोर, म्हणजे बिले, देता का? प्रथमोपचाराचं शिक्षण कुणी घेतलं आहे? जखमीला रस्त्यापर्यंत कसं नेणार? या प्रश्नांनी चांगली संस्था दुखावत नाही, उलट नोंदवही पुढे करते. ‘सर, काळजी करू नका, आजवर काही झालेलं नाही,’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसरी संस्था बघा.

पालकसभा आणि मैदानावरची एक रात्र

पालकसभेत शिबिराच्या गमतीजमती दहा मिनिटांत आटपा आणि उरलेला वेळ प्रश्नांना द्या. मोबाइल आणायचा नाही, हे तिथेच सांगा, आणि त्याबरोबर रोज रात्री साडेआठला वर्गाच्या ग्रुपवर एक संदेश येईल हेही सांगा. तो संदेश रेंज शोधत डोंगरावर चढून पाठवावा लागला तरी पाठवायचा. एक दिवस चुकला तर पन्नास घरांत कुणी झोपत नाही.

आणि आता ज्या गोष्टीचा मी सगळ्यांकडे आग्रह धरते ती. शिबिराच्या पंधरा दिवस आधी मुलांना एक रात्र शाळेच्या मैदानावर झोपवा. तंबू भाड्यानं आणा किंवा संस्थेकडून मागून घ्या. मुलांनी स्वतः तंबू उभारायचा, सॅक भरून आणायची, घरून आणलेला डबा खायचा, स्वतःची ताटं घासायची आणि तिथेच झोपायचं. कुणाला घराबाहेर झोपच येत नाही, कुणाला स्लीपिंग बॅगमध्ये कोंडल्यासारखं होतं, कुणाला सॅक उचलत नाही, हे सगळं घर जवळ असताना कळतं. एका वर्षी रात्री अकराला एक मुलगी रडत आली, ‘बाई, आईला फोन लावा ना.’ लावला, वडील येऊन घेऊन गेले. ती भंडारदऱ्याला आली आणि दोन्ही रात्री शांत झोपली. हाक मारली तर आपल्याला नेतात, हे तिनं अनुभवलं होतं.

याच रात्री जोड्या लावा. प्रत्येक मुलाला एक जोडीदार, तीन दिवस तोच. शौचालयाला, पाण्याला, सॅक आणायला, कुठेही जाताना दोघं बरोबर. शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात धरून उभं राहायचं. ही मोजणी वीस सेकंदांत होते, आणि कोण नाही हे जोडीदारच सांगतो.

सॅकमध्ये काय

सॅक मुलांनी भरायची, आईनं भरायची नाही. आईनं भरली की स्वेटर तळाशी असतो आणि तो कुठे आहे हे मुलाला माहीत नसतं. डिसेंबर-जानेवारीत धरणाजवळ रात्री पारा दहा अंशांच्या खाली जाऊ शकतो, म्हणून स्वेटर, कानटोपी, पायमोजे दोन जोड. पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट, सैलसर पूर्ण पँट (जीन्स नको, ओली झाली की वाळत नाही), पकड चांगली असलेले आणि आधी वापरलेले बूट. नव्या बुटांनी पहिल्याच चढावर टाचेला फोड येतात, तेव्हा शिबिरासाठी बूट घ्यायचेच असतील तर महिनाभर आधी घ्या. टॉर्च आणि तिचे जादा सेल, पाण्याच्या दोन बाटल्या, ताट-वाटी-पेला, टोपी, नेहमीची औषधं नाव लिहिलेल्या पिशवीत. मुलींना पाळी सुरू झालेली असो वा नसो, सॅनिटरी पॅडचं एक पाकीट प्रत्येकीच्या सॅकमध्ये, आणि शिक्षिकांकडे वेगळा साठा. सुगंधी तेल, अत्तर, बॉडी स्प्रे मात्र घरी. कड्यांवर आग्या मोहोळ असतात आणि उग्र वास त्यांना चालत नाही. त्याच कारणासाठी कड्याखाली धूर किंवा आरडाओरडही नको.

तंबू लावताना

ऊन असतानाच तंबू उभे राहिले पाहिजेत, म्हणून दुपारी तीनच्या आत पोहोचा. जमीन सपाट आणि किंचित उंच हवी. ओढ्याचं कोरडं पात्र मऊ असतं, मुलांना तिथेच तंबू लावावासा वाटतो, पण लावू द्यायचा नाही. डोक्यावर वाळकी फांदी किंवा पोळं नाही ना, ते वर मान करून बघा. तंबूचं दार वाऱ्याकडे नको. सगळी दारं मधल्या मोकळ्या जागेकडे ठेवली तर तिथे बसलेल्या एका शिक्षकाला सगळी दिसतात.

एक नियम पहिल्याच तासाला पाठ करून घ्या: तंबूत शिरलं किंवा बाहेर आलं की चेन पूर्ण बंद. घोणस, फुरसं, नाग, मण्यार हे चारही विषारी साप सह्याद्रीत आहेत, आणि मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते. अनेकदा दुखतही नाही. सकाळी बूट झटकून मगच पाय घालायचा, बुटात विंचू बसलेला असू शकतो. साप चावल्याचा नुसता संशय आला तरी मुलाला चालवू नका, चावलेला अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, कापणं, चोखणं, दोरीनं आवळणं यांपैकी काहीही करू नका, आणि गाडीनं रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२. शिबिराच्या जागी एक गाडी चालकासह रात्रभर उभी असलीच पाहिजे. हा खर्च वाचवायचा नाही.

कातळावर

इथे तांत्रिक काम प्रशिक्षकांचं, तुमचं काम वेगळं. कड्याच्या टोकाशी एका वेळी दोनच मुलं, बाकीची मागे, आखलेल्या रेषेच्या पलीकडे बसलेली. मुलींचे लांब केस वेणी घालून शर्टच्या आत, ओढणी नको, साखळ्या-कडी काढलेली. उतरताना दोर ज्या आठच्या आकाराच्या कडीतून सरकतो, तिच्यात केस अडकले तर मूल अधांतरी लटकून राहतं. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बसलेला आहे का, हे प्रशिक्षकानं बघितल्यावर तुम्हीही बघा. दोन वेळा बघण्यानं कुणाचा अपमान होत नाही.

आणि ‘बाई, मला नको’ म्हणणारं मूल. प्रत्येक गटात असतंच. त्याच्याभोवती टाळ्या वाजवून, ‘जमेल, जमेल’ असं ओरडून त्याला ढकलू नका. माझं यावर ठाम मत आहे. टाळ्यांच्या दडपणाखाली उतरलेलं मूल खाली येऊन थरथरत बसतं आणि पुन्हा कधी दोराला हात लावत नाही. त्याला हार्नेस घालून कडेपर्यंत यायचं आहे का, नुसतं बघायचं आहे का, की खालून दोर धरणाऱ्या दादाशेजारी बसायचं आहे, असं विचारा. बरीच मुलं शेवटी स्वतःहून उठतात. जी उठत नाहीत त्यांनाही जेवणाच्या रांगेत कुणी चिडवणार नाही, हे तुम्ही बघायचं.

उतरून झालेल्या मुलांचं काय, हा प्रश्न मात्र प्रशिक्षक विचारत नाहीत. पन्नास मुलांच्या रॅपलिंगला चार-पाच तास लागतात, आणि एका मुलाची पाळी दहा मिनिटांची. उरलेला वेळ कंटाळा, आणि कंटाळ्यातूनच भटकंती. त्या वेळेसाठी दोन शिक्षक आणि ठरलेलं काम हवं: होकायंत्र वापरून वस्तू शोधणं, गाठी बांधायला शिकणं, पानांचे ठसे घेणं, गावातल्या आजींकडून नाचणीची भाकरी थापायला शिकणं. हा तालुका महादेव कोळी आणि ठाकर समाजांचा. गावरान बियाणं जपणाऱ्या पद्मश्री राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या. शेतातला माणूस मुलांना जे सांगतो ते आपल्याला वर्गात सांगता येत नाही, त्यामुळे हा ‘मधला वेळ’ पुढे पुढे मुलांना रॅपलिंगपेक्षाही जास्त आठवतो.

पाणी

याबाबत माझा नियम कडक आहे: धरणाच्या पाण्यात कुणीही उतरायचं नाही, पाय धुवायलासुद्धा नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली आणि १२ मुलं व दोन शिक्षिका गेल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेक मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. नौकाविहार कार्यक्रमात असेलच तर नावेत पाय ठेवण्याआधी, काठावरच, प्रत्येकाच्या अंगात मापाचं जॅकेट आणि सगळे बंद लावलेले. एक जरी जॅकेट कमी असेल तरी नाव सुटणार नाही. तेव्हा नावाडी कुरकुरतो, मुलं विनवतात, एखादे सहकारीही ‘जाऊ दे ना’ म्हणतात. तुम्ही हलायचं नाही.

रात्र

जेवण साधं आणि गरम: पिठलं-भाकरी, आमटी-भात, बरोबर गूळ. तेलकट किंवा दुधाचे पदार्थ रात्री नकोत. पाणी उकळलेलं. हात धुवायला साबण घेऊन एक शिक्षक रांगेच्या तोंडाशी उभा.

जेवणानंतर बहुतेक ठिकाणी मोठा स्पीकर लावून नाच असतो. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसर आहे, तो स्पीकर लावू देऊ नका. त्याऐवजी सगळे टॉर्च बंद करून मुलांना चटईवर उताणं झोपवा. इथे अमावास्येची तारीख कामी येते. डिसेंबरात अंधार पडल्यावर पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका दिसतो, त्याच्या खाली तांबूस रोहिणी, मग मृग. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे मुलांना लगेच सापडतात. नऊच्या पुढे बाणाची रेघ खाली नेली की क्षितिजावर आलेला ठळक व्याध. शहरातल्या मुलांना इतके तारे असतात हेच ठाऊक नसतं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात, तेवढं गप्प बसवणं एवढंच आपलं काम.

झोपायच्या आधी सगळ्यांना जोडीनं शौचालयाला नेऊन आणा. वाटेवर दोन कंदील रात्रभर ठेवा. शिक्षकांनी दोन-दोन तासांच्या पाळ्या लावून जागं राहायचं, मधल्या जागेत, मुलांना दिसेल असं. रात्री उठावं लागलं तर जोडीदाराला उठवायचं आणि पहाऱ्यावरच्या शिक्षकाला सांगायचं, हे तंबूत शिरताना पुन्हा एकदा सांगा. पहिल्या रात्री मुलं एकपर्यंत कुजबुजत राहतात. त्यावर ओरडू नका, पण दुसऱ्या दिवशीचा चढ सकाळी सातऐवजी आठला ठेवा.

घरची आठवण रात्री दहानंतर आणि पहाटे येते. रडणाऱ्या मुलाला ‘एवढा मोठा झालास आणि रडतोस?’ असं म्हणू नये. त्याला उठवून पहाऱ्यावर आपल्याशेजारी बसवा, कोमट पाणी द्या, काम द्या: ‘तंबू मोज बरं, सगळे बंद आहेत का?’ पंधरा मिनिटांत पेंगायला लागतं.

निघताना आणि नंतर

तंबू मुलांनीच उतरवायचे, खुंट्या मोजून पिशवीत घालायच्या. मैदानावर ओळीनं चालत प्लास्टिकचा तुकडान्‌तुकडा वेचायचा आणि पोतं बसमध्ये घालून शाळेत आणायचं. परतीचा प्रवास अंधार पडायच्या आत संपेल अशा बेतानं दुपारचं जेवण लवकर घ्या. बसमध्ये शेवटची मोजणी जोड्यांची, मग नावानिशी.

आठवड्याच्या आत सगळ्या शिक्षकांनी बसून एक वही लिहा: कुठे मोजणी चुकली, कुठलं मूल कशाला घाबरलं, कुठलं शौचालय तुंबलं, गावातल्या कुणी ऐनवेळी मदत केली. बंद पाकिटांतली उत्तरं फाडून टाका. प्रथमोपचाराच्या पेटीतलं जे संपलं ते त्याच आठवड्यात भरा, आणि ती वही पेटीत ठेवा. पुढच्या वर्षी ज्यांच्याकडे शिबिर येईल, ते ती पेटी सर्वांत आधी उघडतील.